पांढऱ्या सदऱ्याचा आतला खिसा

भाऊ, तुझा पांढरा सदरा माझ्याकडे आहे. वहिनीनं दोनदा मागितला, मी दिला नाही. शेवटी तुझ्या अंगावर जो घातला तो दुसरा होता, कॉलरीशी विरलेला, तुला कधी न आवडलेला. लोकांना वाटलं, बहिणीनं घाईत हाताला लागेल तो काढून दिला. घाई नव्हती रे. चांगला सदरा मी मुद्दाम मागे ठेवला. त्यात काय आहे ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तो अंगावर घालून तुला सरळ वाटेला लावायला माझं मन तयार झालं नाही.

तुला जाऊन फार दिवस झाले नाहीत. ओसरीत तुझ्या मशीनच्या सुईखाली कुणाचा तरी ब्लाऊज अर्धा शिवलेला तसाच अडकून आहे. कातर खुंटीला आहे. मी तिकडे बघते आणि मला रडू येतं, आणि रडू पुरतं येण्याआधीच राग येतो. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं असं मला चारचौघींनी सांगून झालं. मी रागावले आहे. तू समोर असतास तर तुझ्याच गजकाठीनं तुला दोन ठेवून दिल्या असत्या, मोठा भाऊ असलास म्हणून काय झालं.

मी कुठून सुरू करू? माझ्या लेकाचे, सुगतचे बाबा गेले तिथूनच करावं लागेल, कारण सुरुवात तूच तिथून केलीस.

त्यांचं तोंड हळूहळू मिटत गेलं होतं. आधी तिखट लागेना, मग भाकर जाईना, मग भात. शेवटी मी पेज गाळून चमच्यानं ओठांच्या फटीतून सोडत होते. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. फक्त खर्रा. सकाळी डोळे उघडले की सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोटायला बसायचे, आणि दिवसभर गाल फुगलेला. आपल्या सावली तालुक्यातल्या कोणत्या घरात ते नव्हतं? धानाच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बाईच्या कनवटीलाही पुडी असायची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग त्यांचं पुण्यानुमोदन झालं. सगळे विहारात जमले, वंदना झाली, गेलेल्या माणसाविषयी लोक चार चांगले शब्द बोलले. आणि तू उठलास. हाच पांढरा सदरा तुझ्या अंगावर होता. काज मीच केली होती त्याची.

माझ्याकडे बोट दाखवून तू म्हणालास, "माया बहिनीचा नवरा दारूनं नाई गेला. बिमारीनंबी नाई गेला. खर्र्यानं गेला. आपन दर इतवारी इथी बसून पाचवं शील घेतो, नशा करनार नाई म्हनतो. मंग त्याच्यात खर्रा येते का नाई येत, ते आज ठरवा. ठरवल्याशिवाय कोनी उठू नका."

तुळशीरामजी, तेव्हाचे आपल्या विहारातले सगळ्यात जुने उपासक, हसून म्हणाले, "भाऊ, शीलात दारूचं सांगतलं हाये. खर्रा त तेव्हा होताच नाई बाप्पा."

लोक हसले. दुःखाच्या घरचे लोकही हसले. तू हसला नाहीस. "ज्याच्याशिवाय तुमच्याच्यानं वंदनेले अर्धा घंटा बसवत नाई, ते नशा नाई त काय हाये तुळशीरामजी? आत्ता वंदना चालू होती त हापशीवर चुळा भरून कोन राह्यलं होतं?"

हापशीवर चुळा भरत तुळशीरामजीच होते. त्यांनी मान खाली घातली, आणि ठरलं. खर्रा पाचव्या शीलात येतो असं आपल्या गावानं त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर ठरवलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस फुकट गेला नाही. ते वाटणं तू मला दिलंस, भाऊ. त्याच्यावरच मी उभी राहिले, अंगणवाडीच्या कामाला परत गेले, सुगतचं शिक्षण केलं, लग्न केलं. म्हणून तर आता पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं आहे.

तू काय काय केलंस ते मी विसरलेले नाही. विहाराच्या दाराशी, चपला काढतात तिथं, तेलाचा रिकामा पिपा ठेवलास. आत येण्याआधी पुडी त्यात टाकायची आणि परत जाताना तिकडं बघायचंही नाही. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी वाचन व्हायचं, आणि वाचन संपलं की ज्याला सोडायचं आहे त्यानं मूर्तीसमोर उभं राहून मोठ्यानं सांगायचं. सगळे तीनदा साधू म्हणायचे, म्हणजे चांगलं केलंस. सरकारच्या पाट्या शाळेच्या भिंतीवर किती वर्षं होत्या, कुणी वाचल्या? पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून बोललेला शब्द माणसाला धरून ठेवतो. बायकांनी दाताला तंबाखूची नस घासणं सोडलं. कुणबी मोहल्ल्यातले लोक आपल्या भजनी मंडळातही असाच पिपा ठेवू लागले. तेव्हा तू किती खूश झाला होतास! मशीनवर बसून पाय मारता मारता शिट्टी वाजवत होतास.

आणि ती तोंडाची तपासणी. सावलीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर मॅडमना तूच गळ घातलीस. वर्षावास संपला की त्या एका इतवारी विहारात यायच्या, लोक ओळीनं बसायचे, आणि तू टॉर्च धरायचास. "आ करा." तुझा तो आवाज अजून कानात आहे. मॅडम प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायच्या. तीन गेली तर बरं, दोनच गेली तर तोंड मिटायला लागलं आहे. मग गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का ते बघायचं. त्या ओळीत वेळेवर सापडले म्हणून आज आपल्यात असलेले लोक आहेत. तुझ्या पुण्यानुमोदनाला ते पुढच्या सतरंजीवर बसून पोराबाळांसारखे रडले. हे तुझं देणं आहे, ते मी कुणाला पुसू देणार नाही. मी स्वतःही पुसणार नाही.

पण एका वर्षी सगळ्यांचं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही बसा." तू टॉर्च विझवून खिशात घातलीस. "माया काय पाह्यता मॅडम, मी त मोकळा मानूस." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मला वाटलं, माझा भाऊ किती स्वच्छ.

आता ते हसू आठवलं की माझे कान गरम होतात.

तुझं माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते आज पुरं करते. तुळशीरामजींनीही मूर्तीसमोर उभं राहून सोडल्याचं सांगितलं होतं. काही महिन्यांनी एका इतवारी वंदना झाल्यावर ते पुन्हा उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, मायाच्यानं नाई सुटलं. पुन्हा सुरू झालं. म्हटलं, लपवून ठेवाचं काऊन."

आणि तू सगळ्यांदेखत त्या म्हाताऱ्या माणसाला म्हणालास, "मंग सांगतलंच कायले? मूर्तीसमोर बोलून मोडलं तुमी. तुमच्याकडं पाहून पोरं काय शिकतीन?"

त्या दिवसापासून ते मागे, दाराजवळ बसायला लागले. संध्याकाळी मी तुझ्या ओसरीत येऊन भांडले. म्हटलं, "एवढं तोडून काऊन बोलला रे? म्हातारा मानूस खरं सांगून राह्यला होता."

तू सुईत दोरा ओवत होतास. "बेबी, एकाले सूट देल्ली त सारेच मांगतीन."

"मंग खरं बोलाची जागा कुठी राह्यली?"

"खरं बोलाचं असन त सोडाचं. सोपं हाये."

सोपं आहे म्हणालास. दोरा ओवून झाला आणि तू मशीन सुरू केलंस, म्हणजे माझं बोलणं संपलं. त्यानंतर पुन्हा धरल्याचं सांगायला विहारात कुणीही कधी उभं राहिलं नाही. आपण समजलो, आता कुणी मोडतच नाही. आपलं गाव सुटलं म्हणून तू भाषणं केलीस, कुरखेड्यापर्यंत जाऊन केलीस. मी तुझ्यासोबत डबा घेऊन फिरले.

मग गालाच्या आत तो फोड आला. तू म्हणालास, दात लागतो. दाताची धार डॉक्टरकडून घासून आणलीस. लवंग धरलीस. तुझ्या तोंडाला नेहमी लवंगेचा वास यायचा, तो कशासाठी होता ते मला आता कळतं आहे. फोड बसेना. वंदना म्हणताना तुझे शब्द जड व्हायला लागले तेव्हा मी आणि सुगतनं तुला जबरदस्तीनं नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या तोंडात नीट बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, खर्रा किती वर्षांपासून खाता? भाऊ, तुला आठवतं मी काय केलं? मी त्या डॉक्टरांच्या अंगावर गेले. म्हटलं, तोंड सांभाळून बोला, माझ्या भावानं पूर्ण गाव सोडवलं आहे, तो कधी हात लावत नाही, तुमचीच बघण्यात चूक झाली असेल. पेशंटची सगळी ओळ बघायला लागली. सिस्टर मला बाहेर न्यायला आली. सुगतचाही आवाज चढला. डॉक्टर तुझ्याकडे बघत राहिले.

आणि तू खिडकीकडे बघत होतास.

तेव्हा तुला बोलता येत होतं. जड येत होतं, पण येत होतं. एक शब्द पुरला असता. बेबी, बस. एवढं म्हणाला असतास तरी मला कळलं असतं. त्या परक्या शहरात, परक्या माणसांसमोर तू मला तुझ्यासाठी भांडू दिलंस. परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतंस आणि मी तुझ्या केसांतून हात फिरवत होते. मी म्हणत होते, त्या डॉक्टरला काही अक्कल नाही. तू हुंकार दिलास. माझी समजूत घालण्यासाठी तू हुंकार दिलास, भाऊ.

तू गेलास त्या सकाळी पुरुष मंडळी अंगणात पाणी तापवत होती आणि वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी पेटी उघडून सदरा काढला. घडी मोडून नीट करायला हात फिरवला तर छातीच्या खिशाच्या मागे काहीतरी जाड लागलं. टेलरची बहीण आहे मी, तुझ्या हाताखाली काज-बटण आणि तुरपाई करत वाढले. शिवण कुठं असायला नको ते माझ्या बोटांना समजतं. सदरा उलटा केला. आतून एक चोरखिसा होता. हातानं शिवलेला, बारीक टाके, एकही टाका बाहेर दिसणार नाही असा. तुझेच टाके. मी ते कुठंही ओळखीन. खिशात घडी घातलेली पन्नी होती, आणि खिशाच्या कापडावर जुने, धुऊन न निघालेले तांबूस डाग होते.

दर इतवारी तू तो सदरा घालायचास. दाराशी उभा राहून लोकांना पिप्यात पुड्या टाकायला लावायचास, आणि तुझी पुडी तुझ्या छातीशी असायची.

मग विरलेला सदरा बाहेर दिला.

वहिनीला मी नंतर विचारलं. ती भांडली नाही. चुलीपुढे बसून पदराला हात पुसत म्हणाली, "पहिलेपासून चोरूनच खात जी. त्या पहिल्या वर्षावासात सोडला होता त्याईनं, खराच सोडला होता. मंग दिवाळीच्या शिलाईचा हंगाम आला. रातंदिवस मशीनवर. डोये मिटे, मान दुखे. म्हने, एक पुडी, हे गिऱ्हाईक निपटलं का बंद. मंग नाई सुटलं. लई वेळा सोडलं, लई वेळा धरलं. मी म्हने, बेबीबाईले सांगा. म्हने, तिले कसं सांगू, तिच्या नवऱ्याच्या फोटोसमोर बोललो हावो मी."

म्हणजे माझ्यामुळे सांगितलं नाहीस. हे तर आणखीच. माझी लाज वाटून तू मेलास. माझ्यासमोर लाज वाटायला मी कोण होते तुझी? लहानपणी वैनगंगेच्या घाटावर तुझी चड्डी वाहून गेली होती तेव्हा माझा परकर गुंडाळून घरी आला होतास.

मी गप्पच बसणार होते. खरं सांगते, सदरा चुलीत घालायचा विचार केला होता. पण मग मी सुगतला ऐकलं.

तो अंगणात दोन मित्रांसोबत बसला होता, आणि त्याच्या हातात पन्नी होती. अंगठ्यानं तो घोटत होता, त्याचे बाबा घोटायचे तसाच. मामाच्या शब्दाखातर सोडलेला माझा लेक. मी दारातून म्हटलं, "काय करून राह्यला सुगत?"

त्यानं लपवलं नाही. शांतपणे म्हणाला, "आई, मामानं जिंदगीत कधी तोंडात टाकला नाई. तरी त्याले कॅन्सर झालाच ना? मंग सोडून काय फायदा हाये? ज्याले होनार त्याले होतेच."

त्याचे मित्र माना हलवत होते. त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं की पानठेल्यावर सगळे हेच बोलतात. भाऊंसारख्या माणसाला झाला, मग आपण कशाला जिवाला खायचं. विहाराच्या दारातला पिपा त्या इतवारी रिकामा राहिला, कारण कुणी आत टाकायला पुडी काढलीच नाही. खिशात ठेवूनच लोक वंदनेला बसले.

तेव्हा मला कळलं की तुझं खोटं तुझ्याबरोबर गेलेलं नाही. ते मागे राहिलं आहे आणि माझ्या पोराच्या हातात आहे.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी वहिनीनं माझे हात धरले. तिला कळलं होतं मी काय करणार ते. "गेल्या मानसाचं नाव काऊन खराब करता बाई? लोकायच्या मनात देव करून ठेवलं हाये त्याले. राहू द्या ना."

मी म्हटलं, "वहिनी, त्याचं नाव राह्यते आन मायं लेकरू जाते, असं सांगता का मले?"

ती हात सोडून आत गेली. मला तिची कीव आली आणि तिचा रागही आला. ती एकटीनं हे पोटात ठेवून तुझ्याशेजारी बसून दर इतवारी साधू म्हणत होती.

विहार गच्च भरला होता. तुझा फोटो, फुलं, मेणबत्त्या. एकामागून एक लोक बोलले. भाऊंनी कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, असं एकानं म्हटलं आणि मी उठले. सदरा पिशवीत होता. काय बोलायचं ते मी घोकून आले होते, सगळं विसरले. मी नुसता सदरा काढला, उलटा केला आणि खिसा दाखवला.

"हा भाऊचा सदरा हाये. हा खिसा भाऊनं सोता शिवला. याच्यात खर्रा राहे. माया भाऊ खर्रा खाये आन खर्र्यानंच गेला. त्याले उगाच नाई झाला. कोनालेच उगाच होत नाई. ज्याले वाटून राह्यलं असन का सोडून फायदा नाई, त्यानं हा खिसा पाह्यून घ्यावा."

पुढचं म्हणायला नको होतं, पण म्हणाले. "यानं मलेबी फसवलं. दवाखान्यात मले डॉक्टरसंगं भांडू देल्लं."

वहिनी पदर तोंडावर घेऊन बसली होती. मागून कुणीतरी म्हणालं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. सुगत उभा राहिला, जणू मी त्याला मारलं आहे असा माझ्याकडे बघत राहिला, आणि चपला न घालताच बाहेर निघून गेला.

दाराजवळून तुळशीरामजी उठले. आता त्यांना काठी लागते. ते पुढे आले, तुझ्या फोटोसमोर थांबले आणि सगळ्यांकडे तोंड करून त्यांनी आपल्या सदऱ्याची बटणं सोडली. आतली बाजू बाहेर काढली. तिथं तसाच खिसा होता. तेच टाके.

"बाई खोटं नाई बोलून राह्यली. मलेबी भाऊनंच शिवून देल्ला. मले सगळ्याईपुढं बोलला होता ना, त्याच्यानंतर एका वर्षानं मायाकडं आला. मायासमोर बसून लेकरासारखा रडला. म्हने, तुळशीरामजी, मलेबी नाई सुटून राह्यलं, माफ करा. मी म्हटलं, चाल, दोघंबी उभं राहून सांगू. म्हने, आता नाई सांगू शकत, लई मोठा झालो मी. मायापासून शब्द घेतला का कोनाले सांगाचं नाई. मंग दोघांचे खिसे शिवले."

भाऊ, मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगू? मला मत्सर वाटला. ज्याला तू सगळ्यांसमोर खाली बघायला लावलंस त्याच्यापुढे जाऊन तू रडलास. माझ्यापुढे नाही. आणि रडून झाल्यावर तुम्ही दोघांनी केलं काय, तर खिसे शिवले! एवढी कारागिरी, एवढे बारीक टाके, आणि ते कशासाठी वापरलेस तू. लई मोठा झालो म्हणे. वंदनेला खाली सतरंजीवर बसणाऱ्या माणसांमध्ये कोण मोठं असतं रे?

पण घरी आल्यावर मी विचार करत बसले. आपण सोडल्याचं सांगायला जागा केली होती. पुन्हा धरल्याचं सांगायला जागा ठेवली नाही. ती तूच बंद केलीस, आणि मग तूच आत अडकलास. ओळीत बसून आ केलं असतंस तर मॅडमच्या टॉर्चनं पहिल्याच वर्षी सगळं दाखवलं असतं. खर्र्यानं तुला खाल्लं हे खरं, पण लपवण्यानं त्याला वेळ मिळवून दिला. कितीदा तू सोडायचा प्रयत्न केलास, एकट्यानं, त्या मशीनवर बसून. ते वहिनीनं सांगितल्यापासून माझा राग मधे मधे अडखळतो. मग पुन्हा चालू लागतो.

सुगत कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. वहिनी तर माझ्या दारावरून मान वळवून जायची. मी विहारात वंदनेला गेले तर माझ्या शेजारी कुणी बसेना. मला वाटलं, संपलं. भाऊ गेला, त्याचं काम गेलं, लेकरूही गेलं.

परवाच्या इतवारी डॉक्टर मॅडम आल्या. तूच त्यांना बोलावून ठेवलं होतंस, आजारी पडायच्या आधी. तुझी टॉर्च वहिनीकडे होती. मी मागायला जायचं धाडस केलं नव्हतं, तर वहिनीच ती घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. माझ्यासमोर बसली आणि तिनं आ केलं. तिच्या मागोमाग तुळशीरामजी बसले. बसण्याआधी ते मोठ्यानं म्हणाले, "मी अजूनबी खातो. नाई सुटलं. पुन्हा सोडून पाह्यतो." आणि मागून कुणीतरी साधू म्हणालं. आधी एकानं म्हटलं, मग सगळ्यांनी. पुन्हा धरणाऱ्याला आपल्या विहारात पहिल्यांदाच साधू मिळाला. मग दुसरा उठला, तोही म्हणाला खातो. मग एक बाई म्हणाली नस सुटली नाही. पानठेल्यावर बोलणारे ओळीत येऊन बसत गेले, आणि मी टॉर्च धरून आ करा, आ करा म्हणत राहिले. तुझ्याच आवाजात निघत होतं ते.

ओळ संपत आली तेव्हा सुगत आला. दाराशी थांबला. खिशातून पुडी काढून पिप्यात टाकली. मग येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला.

मॅडम म्हणाल्या, तीन बोटं उभी धरून घाला. त्यानं घातली. दोन गेली. तिसरं दातांना अडलं. त्यानं पुन्हा घालून बघितलं, पुन्हा अडलं. मॅडमनी माझं मनगट धरून उजेड त्याच्या गालाच्या आत नेला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, सुरुवात आहे, आता बंद केलं आणि उपचार घेतले तर वाढणार नाही, उद्याच दवाखान्यात या. सुगत माझ्याकडे बघत होता. घाबरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मॅडमचं बघून होईपर्यंत त्यानं तोंड मिटलं नाही.

तुला एवढंच करायचं होतं, भाऊ. टॉर्च माझ्या हातात द्यायची होती, आणि आ करायचं होतं.